काइटसर्फिंग शिकताना : किनाऱ्याची निवड, घरची तयारी आणि पहिला आठवडा

मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पाय फळीत अडकवून पाण्यावरून जाण्याच्या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला आणि त्याच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या. लातूर, परभणी किंवा जालन्याहून निघणाऱ्याला कोणताही समुद्र लांबच पडतो. रजा मोजकी असते, खर्च बराच होतो आणि पुन्हा जाण्याची संधी बहुधा वर्षभराने येते. म्हणून आपल्या भागातल्या नवशिक्याने साहित्याचा विचार नंतर करावा आणि आधी किनारा नीट निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. पाणी उथळ, सपाट आणि कोमट असेल, वारा एकसारखा असेल, तर हा खेळ सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाला शिकता येतो. यांपैकी एक गोष्ट कमी असेल, तर तोच आठवडा नाकातोंडात पाणी जाण्यात संपतो.

सपाट पाणी का हवे आणि ते कोठे मिळते

शिकणाऱ्याच्या हातून पतंग दिवसभरात अनेकदा पाण्यात पडतो. या पतंगाची पुढची कड हवा भरून फुगवलेली असते, त्यामुळे तो बुडत नाही. सपाट पाण्यावर तो तसाच तरंगत राहतो आणि एका बाजूची दोरी हळूहळू ओढत राहिले की कडेला सरकून पुन्हा वर चढतो. लाटांमध्ये हेच काम अवघड होते, कारण फुटणारी लाट कापडावर आदळते, दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि शिकणारा त्या गुंत्यासकट ओढला जातो. पाणी कमरेइतके असेल तर पडल्यावर उभे राहता येते, दम घेता येतो आणि प्रशिक्षक काय सांगतो आहे ते ऐकू येते. पाण्याच्या उबेचे महत्त्वही कमी लेखू नये. पहिले तीन-चार दिवस माणूस दोन-तीन तास पाण्यात जवळजवळ जागच्या जागी असतो. पाणी २७-२८ अंशांचे असेल तर जाड रबरी पोशाखाशिवाय भागते आणि कुडकुडणाऱ्या हातांनी दोऱ्या हाताळण्याची वेळ येत नाही.

येथे एक धोका आधीच समजून घेतला पाहिजे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा लाटा उठू देत नाही, म्हणून अशा वेळी काठाजवळचे पाणी अगदी आरशासारखे दिसते आणि नवख्याला तेच सर्वांत सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात तो वारा त्याला खोल समुद्राकडे घेऊन जातो, आणि वाऱ्याविरुद्ध परत येण्याचे कौशल्य सर्वांत शेवटी येते. त्यामुळे उघड्या समुद्रावर वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे येणारा असावा. सपाट पाणी आणि सुरक्षित वारा या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या लगूनमध्ये, म्हणजे वाळूच्या अरुंद पट्ट्याने समुद्रापासून वेगळ्या झालेल्या उथळ पाण्यात. बुटका, मोकळा वाळूचा पट्टा वाऱ्याला अडवत नाही, मात्र लाटांना अडवतो, आणि वाहून गेलेच तर पलीकडे दुसरा काठ असतो.

कोकण आपल्याला जवळ आहे, मग तिकडेच का जाऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. पावसाळ्यात तेथे वारा भरपूर असतो, पण समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यात उतरणे धोक्याचे असते. इतर महिन्यांत दुपारनंतर येणारा सागरी वारा बेताचा असतो. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे. मुंबईजवळ मोठ्या भरतीच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक बदलते, त्यामुळे सकाळी जेथे उभे राहता येत होते तेथे दुपारी पाय टेकत नाहीत. पैठणच्या नाथसागरावर प्रयोग करण्याचा विचारही काही जणांच्या मनात येतो. तो सोडून द्यावा. ते पक्ष्यांचे अभयारण्य आहे, पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात, आणि जमिनीवरून येणारा वारा झाडे, टेकड्या व इमारतींना आपटून तुकड्यातुकड्यांत येतो. असा झटक्यांचा वारा शिकण्यासाठी सर्वांत वाईट असतो.

भारतात या कामासाठी रामेश्वरमसारखी जागा शोधून सापडणार नाही. आपल्याकडच्या अनेक घरांत काशी-रामेश्वराची यात्रा झालेली असते, त्यामुळे गावाचे नाव नवे नाही. बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर आहे, दक्षिणेला मन्नारचे आखात आहे, आणि दोन्हींच्या मध्ये वाळूचे चिंचोळे पट्टे व उथळ पाणी आहे. येथे भरती-ओहोटीचा फरक एक मीटरच्या आत राहतो. वर्षातून दोनदा चांगला वारा मिळतो : साधारण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, आणि जानेवारी ते मार्च ईशान्येकडून. ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस व चक्रीवादळांचा काळ असतो, तेव्हा बेत आखू नये. दोन्ही हंगामांत निवड करायची झाल्यास नवशिक्याने हिवाळ्याचा हंगाम घ्यावा, कारण तो वारा तुलनेने सौम्य असतो आणि आपल्याकडे तोपर्यंत तुरीची रास होऊन थोडी उसंतही मिळालेली असते. ओखा–रामेश्वरम एक्स्प्रेस हिंगोली, पूर्णा, नांदेड या मार्गाने जाते, आणि पांबनचा नवा रेल्वेपूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून रेल्वे पुन्हा थेट बेटावर पोहोचते. आरक्षण मात्र यात्रेकरूंच्या गर्दीमुळे फार आधी करावे लागते.

परदेशी जाण्याची तयारी असेल तर श्रीलंकेतील कल्पिटिया हे दुसरे ठिकाण. तेथे मे ते ऑक्टोबर जोराचा वारा असतो, लगून मोठे आहे आणि शिकवणारेही बरेच आहेत. जून ते ऑगस्टच्या दुपारी मात्र वारा नवख्याच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो, म्हणून तेथे सकाळचे वर्ग मागून घ्यावेत.

घरी करायची तयारी

आपल्याकडे बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून उडी मारलेला माणूस खोल पाण्याला घाबरत नाही, ही मोठीच जमेची बाजू आहे. परंतु विहिरीत चार हातांवर कठडा असतो, पाणी स्थिर असते आणि सलग अंतर कापण्याची सवय लागत नाही. समुद्रावर जाण्यापूर्वी तलावात न थांबता किमान २०० मीटर पोहता येईल इतका सराव करावा, पाठीवर निवांत तरंगायला शिकावे, आणि तोंडावर पाणी उडत असताना श्वास सांभाळण्याची सवय करावी. पोहता येत नसेल तर हा खेळ पुढच्या वर्षावर टाकावा. अंगावरचे जाकीट हे पोहण्याला पर्याय नाही.

दुसरी तयारी पतंगाची, आणि ती मराठवाड्यात उत्तम होते. सरावासाठी दोन ते तीन चौरस मीटरचा, हवा भरावी न लागणारा, दोन दोऱ्यांचा छोटा पतंग मिळतो. रब्बीची काढणी झाल्यावर मोकळे झालेले रान त्यासाठी पुरेसे आहे. जवळपास विजेच्या तारा, रोहित्र किंवा रस्ता नसावा, आणि ही अट कधीही सैल करू नये. उन्हाळ्याच्या तोंडावर भर दुपारी रानात वावटळी उठतात, त्या पतंगाला क्षणात उचलतात. म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचनंतर वारा एकसारखा असेल तेव्हाच सराव करावा. वळिवाचे ढग दिसत असतील तर पतंग पिशवीतच राहू द्यावा. पतंग डोक्यावर स्थिर ठेवणे, डावीकडून उजवीकडे सावकाश कमानीत फिरवणे, पतंगाकडे न पाहता ते करणे, एका हाताने करणे, आणि शेवटी चालत चालत करणे, हा क्रम ठेवावा. पतंगाकडे न पाहता तो कोठे आहे हे हाताला कळू लागले की समुद्रावरचा पहिला दीड दिवस वाचतो.

वारा मोजणे

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. शिकण्यासाठी १२ ते १८ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे २२ ते ३३ किलोमीटरचा वारा योग्य असतो. ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे कायम लक्षात ठेवावे. १० नॉटचा वारा २० झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणूनच सरासरी वेगापेक्षा झटक्यांचा वेग अधिक महत्त्वाचा आहे. विंडी, विंडगुरू यांसारख्या ॲपवर दोन्ही आकडे दिसतात. सरासरी १४ आणि झटके १७ असतील तर दिवस चांगला आहे, सरासरी १४ आणि झटके २४ असतील तर काठावर बसून इतरांना पाहावे. हवामान खात्याचा इशाराही रोज वाचावा. सपाट लगूनमध्ये पाण्याकडे पाहून वारा ओळखता येत नाही, कारण तेथे फेस उठत नाही. त्यासाठी बाहेरच्या उघड्या समुद्राकडे पाहावे. तेथे जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की वारा साधारण १२ नॉटच्या पुढे गेलेला असतो.

साहित्य आणि मांडणी

पहिल्या खेपेला काहीही विकत घेऊ नये. पतंग, दोऱ्या, फळी, कमरेचा पट्टा म्हणजे हार्नेस, शिरस्त्राण आणि जाकीट हे सर्व शिकवणाऱ्या संस्थेकडे असते. प्रशिक्षकाकडे आयकेओ या आंतरराष्ट्रीय संघटनेचे किंवा तत्सम मान्य प्रमाणपत्र आहे का, मदतीला बोट आहे का, आणि एका प्रशिक्षकामागे किती शिकणारे असतात, हे तीन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. दोनपेक्षा जास्त जण असतील तर ती शिकवणी घेऊ नये, असे माझे मत आहे. ६५ ते ७५ किलो वजनाच्या माणसाला १५-१८ नॉटच्या वाऱ्यात सुमारे १० ते १२ चौरस मीटरचा पतंग लागतो, आणि दोऱ्या २० ते २४ मीटर लांब असतात. नवशिक्याला बसण्याच्या प्रकारचा, मांड्यांखालून पट्टे जाणारा हार्नेस मागावा. नुसता कमरेचा पट्टा पतंग डोक्यावर असताना बरगड्यांपर्यंत वर सरकतो. स्वतःबरोबर पूर्ण बाह्यांचा अंगालगत सदरा, ओल्या वाळूत न निसटणारे पातळ तळव्याचे बूट आणि चष्मा असल्यास त्याची दोरी न्यावी.

मांडणी स्वतःच्या हाताने करायला शिकावे, कारण निम्मे अपघात येथेच टाळले जातात असे अनुभवी माणसे सांगतात. पतंग पालथा घालून त्याची पुढची कड वाऱ्याकडे करावी आणि पंपाने ती इतकी कडक भरावी की टिचकी मारल्यावर टणक आवाज यावा. मग कापडावर मूठमूठ वाळू टाकावी. ती पुरेशी नसेल तर एखादी झुळूक पतंगाला उलटवून नेते. दोऱ्या मोकळ्या सोडून बारपासून, म्हणजे पतंग चालवण्यासाठी हातात धरायच्या दांड्यापासून, पतंगाच्या दिशेने चालत जावे, प्रत्येक दोरी वेगळ्या बोटांच्या फटीत धरावी, आणि पतंगापर्यंत पोहोचेपर्यंत बोटांत एकही पीळ आला नाही याची खात्री करावी. डावी-उजवी दोरी उलट जोडली गेली तर पतंग वर चढताच गरागरा फिरत खाली येतो आणि माणसाला ओढून नेतो. म्हणून जोडणी झाल्यावर दुसऱ्या कोणाला तरी ती पाहायला लावावी, कितीही वर्षांचा अनुभव असला तरी.

पाण्यातला क्रम

पाठ वाऱ्याकडे करून उभे राहिले की समोर आकाशाचा जो अर्धगोल दिसतो, तेवढ्यातच पतंग उडू शकतो. त्यावर घड्याळ कल्पावे : डोक्यावर बारा, डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. कडांना आणि माथ्यावर ओढ कमी असते. समोर, खालच्या भागात ती सर्वांत जास्त असते. पतंग नेहमी कडेवरून, पाण्याच्या बाजूने सोडावा. तो समोरच्या भागातून सोडणे म्हणजे स्वतःला फेकून देणे होय.

बार आपल्याकडे ओढला की ओढ वाढते, दूर ढकलला की कमी होते. घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरून छातीशी ओढतो आणि नेमकी तीच चूक ठरते. संक्रांतीच्या पतंगाला जशी ढील देतात, तशी येथे बार सोडून ढील द्यायची असते. हात सुटले तरी पतंग हार्नेसला जोडलेला असतो, तो पळून जात नाही. हे डोक्याला लगेच कळते, हाताला कळायला दोन दिवस लागतात. तोपर्यंत प्रशिक्षक ‘सोडा’ म्हणाला की विचार न करता सोडावे.

पहिला धडा फळीशिवाय असतो. कमरेइतक्या पाण्यात आडवे होऊन पतंग दहा आणि दोन यांच्या दरम्यान फिरवत स्वतःला ओढून घ्यायचे, आधी वाऱ्याच्या दिशेने, मग एक हात पाण्यात सुकाणूसारखा ताणून तिरपे. हा दुसरा प्रकार कंटाळवाणा वाटतो आणि बरेच जण तो उरकून टाकतात. परंतु पुढे फळी पायांतून निसटून वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडे राहिली, तर तिच्यापर्यंत पोहोचण्याचा तोच एक मार्ग आहे. त्यासाठी पूर्ण एक सत्र द्यावे.

मग फळीवर उठणे. पाण्यात बसल्या स्थितीत पतंग बाराच्या जागी ठेवावा, दोन्ही पाय फळीच्या पट्ट्यांत घालावेत, गुडघे छातीजवळ घ्यावेत, आणि फळी वाऱ्याला आडवी ठेवावी. उजवीकडे जायचे असेल तर पतंग किंचित अकराकडे नेऊन तेथून एका दमात दोनच्या दिशेने खाली सोडावा. ओढ आली की फळीचे टोक जायच्या दिशेकडे वळू द्यावे, पुढचा पाय सरळ करावा, मागचा वाकलेला ठेवावा, आणि शरीर त्या ओढीने उचलले जाण्याची वाट पाहावी. स्वतःच्या हातांनी बार ओढून उठू पाहणारा पुढे तोंडावर पडतो, कारण त्याने ऐन वेळी ओढ वाढवलेली असते. नजर फळीवर गेली की वजन पुढे जाते; नजर लांब, जायच्या दिशेला ठेवावी. चार-पाच मीटर जाऊन बुडणे ही येथे प्रगतीच असते. पतंग खाली एकदाच सोडून तेथेच ठेवला तर ओढ संपते आणि फळी बुडते. म्हणून उठल्याबरोबर तो पुन्हा वर आणून दुसऱ्यांदा खाली सोडावा लागतो, आणि नवशिके हीच दुसरी हालचाल विसरतात.

बहुतेकांना येथवर यायला ९ ते १२ तासांची शिकवणी लागते. ती पाच-सहा दिवसांत विभागावी. वाऱ्याविरुद्ध तिरपे जाऊन निघालेल्या जागी परतणे त्यानंतर येते : पतंग दीड किंवा साडेदहाच्या जागी स्थिर ठेवायचा, टाचांवर भार देऊन फळीची कड पाण्यात रोवायची आणि मान जिकडून वारा येतो तिकडे वळवायची. ते जमेपर्यंत प्रत्येक फेरीनंतर फळी काखेत घेऊन पाण्यातून चालत परत यावे लागते. उथळ लगूनची खरी किंमत तेव्हा कळते.

सुरक्षिततेचे नियम

सुटका तीन टप्प्यांत होते. पहिला, बार सोडणे. दुसरा, हार्नेसला जोडलेल्या कड्यावरची लाल कळ ढकलणे. त्यामुळे पतंग एकाच दोरीवर फडफडत निर्जीव होतो. तिसरा, ती शेवटची दोरीही सोडून देणे. पतंग एखाद्या बोटीत किंवा जाळ्यात अडकून माणसाला ओढत असेल तरच हा टप्पा. दुसऱ्या टप्प्यातली लाल कळ रोज पाण्यात उतरण्यापूर्वी डोळे मिटून, एकदा प्रत्येक हाताने चालवून पाहावी. वाळू अडकल्याने ती घट्ट झाली असेल तर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय पाण्यात जाऊ नये.

काठावर भाषा अडते, म्हणून खुणा पाठ असाव्यात. अंगठा वर म्हणजे पतंग सोडायला मी तयार आहे. स्वतःच्या डोक्यावर थापटणे म्हणजे माझा पतंग उतरवून घ्या. समोरासमोर येणाऱ्या दोघांपैकी ज्याचा उजवा हात पुढे आहे त्याला प्राधान्य असते. काठावरून निघणाऱ्याला आत येणाऱ्याने वाट द्यावी. एकमेकांजवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या बाजूच्याने पतंग उंच, खालच्या बाजूच्याने खाली ठेवावा.

रामेश्वरममध्ये अग्नितीर्थाच्या परिसरात हजारो भाविक स्नान करतात. तेथे पतंग उघडूही नये. धनुष्कोडीच्या टोकाला, अरिचलमुनैजवळ, दोन समुद्रांचे प्रवाह भेटतात आणि ते फार जोरदार असतात, शिवाय श्रीलंकेची सागरी हद्द जवळ आहे. तेथे पाण्यात उतरण्याचा विचार करू नये. मच्छीमारांची जाळी व बोटी त्यांच्या पोटाचे साधन आहे, त्यांच्यापासून भरपूर अंतर ठेवावे. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नये, तळाशी घासत पुढे सरकवावा. त्यामुळे वाळूत दबलेला, शेपटीला विषारी काटा असलेला पाकट मासा आधीच दूर जातो.

उन्हाची सवय आपल्याला आहे, पण समुद्रावर ती फसवते. वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही आणि दुपारपर्यंत शरीरातले पाणी बरेच कमी झालेले असते. दर तासाला पाणी प्यावे, दिवसातून एकदा ओआरएस घ्यावे, आणि हातातली पकड ढिली पडू लागली की त्या दिवसाचे सत्र थांबवावे. थकलेल्या माणसाचे निर्णय उशिरा येतात.

स्वतःचा पतंग घेताना

वाऱ्याविरुद्ध परतता येऊ लागल्यानंतरच खरेदीचा विचार करावा. जुना पतंग स्वस्तात मिळतो, पण तो घेण्याआधी पूर्ण फुगवून किमान दोन तास तसाच ठेवायला सांगावा. कड मऊ पडली तर आतली नळी गळकी आहे. कापड बोटांत चुरगाळल्यावर कागदासारखे करकरत नसेल आणि मऊ, मेणचट लागत असेल तर ते उन्हाने जुने झालेले आहे. सुटकेची कळ जुन्या धाटणीची असेल तर बार नवा घ्यावा. घरी आणल्यावर सर्व काही गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावे, आणि ठेवण्याची जागा विचारपूर्वक निवडावी : एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत जे तापमान होते त्यात नळीच्या झडपांचा डिंक सुटतो, आणि धान्याच्या कोठारात ठेवलेली पिशवी उंदीर कुरतडतात. आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर, खुंटीला टांगून ठेवलेला पतंग पुढच्या जानेवारीपर्यंत चांगला राहतो.